अर्ध्या तिकिटाची सहल

१

हर्रागढच्या राजवाड्यातला हत्तीचा अंकुश नाहीसा झाला, आणि त्याच्याबरोबर तेजराम फिटरही.

सकाळी दोघंही जागच्या जागी होते. अंकुश शस्त्रांच्या दालनात भिंतीवर लटकत होता. पायी चालणाऱ्या माहुताचा अंकुश तो, त्यामुळे दांडा चांगला माणसाच्या उंचीचा. आत पोलाद, वरून चांदीचा पत्रा, टोकाला आकडा. तेजराम त्याच्यापुढे बराच वेळ उभा होता. मग भिलाईहून आलेली सगळी मंडळी बागेतल्या हिरवळीवर डबे सोडून बसली. जेवणं झाली, पानं लागली, बायका डबे विसळायला उठल्या, तेवढ्यात राजवाड्याचे कारभारी भाऊराव तरातरा चालत आले. त्यांच्या एका हातात किल्ल्यांचा जुडगा होता आणि दुसऱ्या हातात पितळेचं एक गोल टोकन.

"हे कोणाचं?" त्यांनी विचारलं.

भिलाईच्या पोलादाच्या प्लांटमधल्या प्रत्येकाजवळ असं टोकन असतं, त्यावर ज्याचा त्याचा नंबर कोरलेला असतो. हिरालाल नावाच्या फिटरने वाकून नंबर वाचला. "हे त तेजरामचं हाय," तो बोलून गेला.

"शस्त्रांच्या दालनात सापडलं. आणि महाराजांचा अंकुश गायब आहे. कुठे आहेत हे तेजराम?"

सगळ्यांच्या माना मथुरेकडे वळल्या. तेजरामची बायको मुलीला, नलूला, मांडीवर घेऊन बसली होती. नवऱ्याचा डबा तिने झाकून बाजूला ठेवला होता. तो जेवायला आलाच नव्हता.

"इथंच असतीन," ती म्हणाली. "येतीन आता."

भाऊरावांनी हाका मारवल्या. कोणी आलं नाही. मग त्यांनी फाटकाला कुलूप घातलं, एका माणसाला सायकलवर ठाण्याकडे पिटाळलं आणि बागेतल्या झाडून सगळ्यांना समोरच्या चौकात नेऊन बसवलं. प्रत्येकाची पिशवी उघडून पाहिली जाईल आणि ठाण्याचा माणूस येईपर्यंत बस हलणार नाही, असं त्यांनी मोठ्याने सांगितलं.

मथुरा झाकलेला डबा घेऊन सगळ्यांच्या मागे चौकात गेली.

२

या सहलीची हौस शामरावांची. शामराव प्लांटमध्ये कारकून आणि कामगारांच्या करमणूक मंडळाचे चिटणीस. भिलाईत तेव्हा भट्ट्या उभ्या राहत होत्या, धूळ इतकी की भातात दाताखाली कचकच लागायची. भंडारा-गोंदियाकडून शेती सोडून आलेली माणसं सेक्टर एकच्या नव्या क्वार्टरांत राहत होती आणि रविवारी करायचं काय, हे कोणालाच कळत नव्हतं. शामरावांनी हर्रागढला तीन चकरा मारून प्लांटच्या लोकांसाठी अर्ध्या तिकिटाची सवलत मिळवली. पत्रकात गुलाबाची बाग होती, शिशमहाल होता, शस्त्रं होती आणि ताडाएवढं उंच उडणारं कारंजं होतं.

सवलतीचा दुसरा अर्धा भाग मात्र पोचल्यावर कळला. शिशमहालातले गालिचे गुंडाळून ठेवले होते आणि हौदातलं कारंजं कोरडं होतं. शामरावांनी विचारलं तेव्हा भाऊराव शांतपणे म्हणाले, "अर्ध्या तिकिटात कारंजं नाही. टाकीतलं पाणी पूर्ण तिकीटवाल्यांसाठी आहे." लोकांनी तोंडं वाकडी केली, दोन शिव्या हळूच दिल्या आणि गुलाब पाहायला पुढे गेले. गरिबाला एवढं चालतं, असं समजणारे भाऊराव एकटे नव्हते.

शामरावांबरोबर त्यांचे सासरे आले होते. शेषराव रेल्वे पोलिसात जमादार होते. गोंदिया ते दुर्ग याच पट्ट्यात त्यांची सारी नोकरी गेली आणि पेन्शन घेऊन ते आता लेकीकडे राहत होते. त्यांना बागांचं प्रेम नव्हतं. सवलतीत मिळतं ते सोडू नये, या एकाच तत्त्वावर ते बसमध्ये चढले होते. त्यांची एक खोड होती: माणसाशी बोलताना ते त्याच्या पायांकडे पाहत. गाडीत खिसा कापणाऱ्याचा चेहरा सज्जनासारखा असू शकतो, पाय तसे नसतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

"मामाजी, काईतरी करा हो," शामराव काकुळतीला आले होते. "पोलिसात नाव गेलं का तेजरामची नोकरी जाते. नोकरी गेली का क्वार्टर खाली. लहान लेकरू घेऊन ते बाई जाईन कुठं? गावाकडं बी कोनी नाई तिचं."

"चोरी त्यानं केली असन त मी काय करू, जवाईबापू?"

"आन नसन केली त?"

शेषराव उठले. मथुरा राजवाड्याच्या पायरीवर एकटीच बसली होती. त्यांनी तिच्या पायांकडे पाहिलं. पाय गार पडल्यासारखे एकमेकांवर दाबलेले होते.

"पोरी, तुह्या नवऱ्याच्या पायात काय होतं?"

मथुरेला प्रश्न कळायला वेळ लागला. मग ती उठली. राजवाड्यात शिरताना सगळ्यांनी दारापाशी जोडे-चपला काढल्या होत्या. त्या रांगेत आता एकच जोड उरला होता: टायरच्या तळव्याच्या चपला, डाव्या पट्ट्याला तांब्याची तार. "ह्या त्यायच्या."

भाऊराव मागोमाग आलेच होते. "घाईत विसरला असेल. मागच्या दाराने बागेत आणि बागेतून शेतात."

"कारभारी, बाहीर धान कापून पडलं हाय," शेषराव म्हणाले. "बांधीत खुंटं उभे हायेत, चाकूवानी. तुमी पळून पाहा बरं अनवाणी." मग ते मथुरेकडे वळले. "आज तुमचं काई भांडन झालतं?"

"नाई," मथुरा म्हणाली. ती इतक्या पटकन म्हणाली की शेषरावांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि असं ते क्वचितच करत.

३

ती खोटं बोलली, हे पाच मिनिटांत चौकभर झालं. राजवाड्याच्या दरवानाने सकाळी नवरा-बायकोला कारंज्यापाशी भांडताना ऐकलं होतं. काय बोलत होते ते त्याला कळलं नव्हतं, पण बाईचा आवाज चढला होता आणि गडी मान खाली घालून गेला होता.

"झालं," भाऊराव म्हणाले. "बायकोला टाकून, चांदी घेऊन गेला. आता रायपूर गाठेल, तिथून कलकत्ता."

चौकात कुजबुज सुरू झाली. तेजराम अलीकडे गप्पच असतो, हे कोणाला तरी आठवलं. त्याने नवी सायकल घेतली तेव्हाच शंका आली होती, असं दुसरा म्हणाला, आणि हा दुसरा तर त्याच सायकलवर मागे बसून रोज ड्युटीला जायचा. एक बाई नलूशेजारून आपल्या मुलाला उचलून घेऊन गेली. मथुरेने ते पाहिलं. तिने नलूला पदराखाली ओढून घेतलं आणि झाकलेल्या डब्यावर हात ठेवून बसून राहिली. ऊन भिंतीवर चढत चाललं होतं. पौषातला दिवस, पाहता पाहता कलतो.

शेषरावांनी हिरालालला बोलावलं. तेजरामला शेवटी पाहणारा हिरालालच होता. दोघंही प्लांटच्या एकाच शॉपमध्ये, म्हणजे कार्यशाळेत, फिटर आणि मिस्त्रीच्या एकाच जागेवर दोघांचा डोळा. हिरालालच्या मनगटावर ताजे ओरखडे होते आणि पिशवी त्याने काखेत गच्च धरली होती.

"हे काय खरचटलं?"

"काई नाई, काकाजी. असंच."

"पिशवी दाखव."

"पिशवीत डबा हाय."

"मग डबा दाखव."

हिरालाल घामाघूम झाला. पौषात माणूस घामाघूम होतो तेव्हा काहीतरी असतंच. दोघांनी त्याचे हात धरले, शामरावांनी पिशवी उपडी केली. आतून निघाली गुलाबाची कलमं, ओल्या फडक्यात गुंडाळलेली, बोटभर लांबीची, चांगली मूठभर. क्वार्टरपुढच्या वाफ्यात लावायला त्याने ती तोडून आणली होती.

भाऊरावांनी कपाळावर हात मारला आणि दुसऱ्या चोरीची भर घातली. शेषरावांचा सगळा वेळ फुकट गेला होता. हिरालालला खोटं पाडलं म्हणून अंकुश सापडणार नव्हता, तेजराम तर नाहीच.

त्यात हिरालालची आई, अंजनाबाई, मध्ये पडली. "माह्या लेकाले चोर म्हनता? दोन काड्यांसाठी?" तिचा देह मोठा आणि आवाज त्याहून मोठा. "आन माह्या लुगड्याचं काय? नवं कोरं लुगडं, आजच घडी मोडली, पाहा काय करून ठेवलं तुमच्या बागेत!" तिने पाठ वळवून दाखवली. हिरव्या लुगड्यावर मागे लालसर तपकिरी डागच डाग. "त्या हौदाच्या काठावर टेकून पान खाऊन राहिली होती, त कोन्या कारट्यानं पिचकारी मारली. मी मागं पाहावं तवर कोनी नाई!"

"मावशी, आता लुगडं राहू द्या," शामराव कळवळून म्हणाले. सकाळपासून ती त्यांना बसची सीट, डब्यातलं मीठ आणि उन्हाची तिरीप यांवरून बोलत आली होती, त्यामुळे लुगड्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. शेषरावांनीही नाही.

फाटकाबाहेर सायकलची घंटा वाजली. ठाण्याकडे गेलेला माणूस परतला होता. साहेब येत आहेत, त्याने सांगितलं, दिवे लागायच्या आत येतील.

४

मथुरा उठून शेषरावांजवळ आली. चारचौघांत ती आजवर कधी मोठ्याने बोलली नव्हती. आताही बोलली नाही.

"काकाजी, मी खोटं बोलली."

"माहीत हाय मले."

"भांडन झालतं. मीच भांडली." तिने ओठ चावला. "माहेराहून येऊन चार वर्सं झाले. घर न नळ, नळ न घर. ते म्हनत, कारंजं दाखवतो तुले, पानी ताडाएवढं उडते. महिनाभर हेच सांगून राहिले होते. आन इथं पाहाव त कोरडं ठन्न. कारभारी म्हनते अर्ध्या तिकिटात भेटत नाई. मले इतकं लागलं काकाजी! मी म्हनलं, तुमी आनसान ते समदं अर्धंच राहते. लोकांईच्या बायका पुरं पाहतेत. असं बोलली मी." ती रडू लागली. "ते काईच नाई बोलले. हौदाकडे पाहात राहिले. मंग म्हने, पाइप त चांगला दिसते."

शेषराव हलले नाहीत. "अजून एकडाव सांग. शेवटी काय म्हनला?"

"पाइप चांगला दिसते, म्हने. आन गेले."

शेषराव वळले आणि भाऊरावांपुढे जाऊन उभे राहिले. "कारभारी, ते टोकन कुठं सापडलं?"

"सांगितलं ना, शस्त्रांच्या दालनात."

"दालनात कुठं? जमिनीवर? दारात?"

"भिंतीवर," भाऊराव वैतागून म्हणाले. "अंकुश ज्या खुंटीवर असतो त्या खुंटीवर. अडकवलेलं होतं."

प्लांटची सगळी माणसं भाऊरावांकडे पाहू लागली. भाऊरावांना आपण काय बोललो ते कळेना, आणि शेषरावांनाही अजून पुरतं कळलं नव्हतं. रेल्वे पोलिसात टोकनं नव्हती. पण इतक्या माणसांचे चेहरे एकाच वेळी बदलले, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नाही.

"हिरालाल," ते म्हणाले. "काय झालं रे?"

"काकाजी, आमाले वाटलं पडलं असन. कारभाऱ्यानं हातात धरून आनलं न... खुंटीवर होतं हे कोनी सांगतलंच नाई."

"खुंटीवर होतं त काय?"

"शॉपमधी असंच करतो आमी. पाना घ्या, पहार घ्या, जे सामान घेतलं त्याच्या खुंटीवर आपलं टोकन अडकवाचं. काम झालं का सामान जाग्यावर, टोकन खिशात. आन शिफ्ट सुटली, तरी खुंटीवर टोकन दिसलं, त मिस्त्री घरी जात नाई. हाका मारत फिरते." त्याने राजवाड्याकडे पाहिलं. "म्हंजे मानूस अजून आत हाय."

शेषरावांनी डोळे मिटले. ते बोलू लागले तेव्हा कोणाला समजावत नव्हते. स्वतःच्याच बोटांवर मोजत होते.

"चोर आपलं नाव ठेवून जात नाई. हा ठेवून गेला, म्हंजे यानं चोरलं नाई, कामाले नेलं. परत आनाचं होतं. कामाचं लोखंड लांब पाहिजे होतं, पहारीवानी. चपला पुढच्या दारात हायेत, हा मागून बागेत गेला, जवळच जाचं होतं म्हनून अनवाणी. बायको म्हनाली अर्धंच दाखवता. हा फिटर. पाइप चांगला दिसते म्हनाला." त्यांनी डोळे उघडले. "अंजनाबाई, इकडं या. लुगडं दाखवा."

यावेळी त्यांनी डागावर बोट घासून नाकाशी नेलं. पान नव्हतं, रंग नव्हता. गंज होता.

"पिचकारी कोन्या पोरानं नाई मारली," ते म्हणाले. "कारंजं उडालं होतं. एकडाव. मंग बंद झालं. कारभारी, त्या कारंज्याचं पानी सोडतेत कुठून?"

भाऊरावांचा चेहरा पांढरा पडला. "हौदामागे जमिनीखाली खोली आहे. विहिरीएवढी खोल. तिथे चाक आहे, ते फिरवायचा दांडा माझ्या कपाटात असतो. पण वर लोखंडी झाकण..."

मथुरा धावत सुटली होती.

५

बागेत कोणी नव्हतं. दुपारपासून भाऊरावांनी एकालाही तिकडे जाऊ दिलं नव्हतं. फक्त फकिरा माळी राजवाड्याच्या दारालगत, हौदापासून लांब, हजारी मोगऱ्याच्या वाफ्यात पाणी घालत होता. एवढा मोठा जमाव अंगावर धावून येताना पाहून त्याच्या हातातली झारी गळून पडली.

हौदामागच्या मेंदीच्या आडोशाला लोखंडी झाकण होतं. झाकण बंद होतं, आणि त्यावर सायलीच्या वेलाची दगडी कुंडी ठेवलेली होती.

"कोनी लावलं हे?" शेषराव ओरडले.

"म्या," फकिरा म्हणाला. "उघडं पडलं होतं मालक. लेकरं पळून राहिले होते इकडं-तिकडं, कोनी पडलं-गिडलं असतं. म्हनून लावून देलं. आन कोनी उघडू नये म्हनून वर कुंडी..."

"आत पायलं होतं का?"

"आत अंधार होता मालक." मग त्याला समजलं. तो मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरून हलू लागला.

कुंडी चौघांनी लोटली. ती आडवी होऊन फुटली. हिरालालने झाकणाच्या कडीत हात घातला आणि उपटून काढावं तसं ते मागे फेकलं. आतून गार, कुबट हवा आली. खाली काळं पाणी होतं, झाकणापासून जेमतेम हातभर खाली. पाणी हलत नव्हतं.

मथुरेने आयुष्यात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. लग्नात उखाण्यातसुद्धा ती लाजून पळाली होती. ती त्या भोकाच्या काठावर पालथी पडली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "तेजराम! ओ तेजराम! तेजराम!"

पाण्यातून काही आलं नाही. मग भिंतीच्या कडेला, लोखंडी पायऱ्या होत्या तिथे, काहीतरी खरवडल्यासारखा आवाज झाला.

हिरालाल कपड्यांसकट उतरला. तेजराम सगळ्यात वरच्या पायरीत कोपर अडकवून लटकला होता. पाणी हनुवटीपर्यंत, डोळे अर्धे मिटलेले, ओठ निळे. झाकणावर ठोकून ठोकून त्याच्या मुठींची सालटं गेली होती. हिरालालने त्याला खांद्यावर घेतलं, वरून तिघांनी ओढलं. बाहेर काढून गवतावर ठेवला तेव्हा त्याची छाती हलत नव्हती, असं दोघं-तिघं शपथेवर सांगायला तयार होते. मथुरेने ते ऐकलं. तिने काही ऐकलं नाही असं दाखवलं आणि नवऱ्याचे पाय चोळत राहिली. तळवे, पोटऱ्या, पुन्हा तळवे. शेषरावांनी त्याला पालथा घातला, पाठीवर दाब दिला. एकदा. पुन्हा. शामराव मोठ्याने देवाचं नाव घेत होते आणि कोणता देव हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. तांबडं पाणी तेजरामच्या तोंडातून गवतावर आलं, मग खोकला, मग पुन्हा पाणी.

भाऊराव राजवाड्यात धावले आणि शिशमहालात गुंडाळून ठेवलेला गालिचा स्वतः ओढत घेऊन आले. अर्ध्या तिकिटाचा नियम त्यांनी तिथे मोडला. तेजरामला त्यात गुंडाळलं.

बाकीचं नंतर त्याच्याच तोंडून कळलं, तुटक तुटक. अंकुशाचा दांडा चाकाच्या आऱ्यांत घालून त्याने जोर लावला. चाक फिरलं, पाणी वर गेलं, आणि त्याच दणक्याने जुना सांधा फुटला. पाणी खोलीत भरू लागलं. तो वर चढेपर्यंत झाकण बंद झालेलं होतं. टाकी रिकामी झाली तेव्हा पाणी थांबलं. "मले वाटलं, खुंटीवर टोकन हाय," तो म्हणाला. "कोनीतरी पाहीन. आता येतीन, आता येतीन. लई वाट पायली." एवढं सांगताना तो लहान मुलासारखा रडला. राजवाड्यात टोकन वाचणारा कोणी नसतो, हे त्याच्या ध्यानीच आलं नव्हतं. वाचू शकणारी सगळी माणसं चौकात बसून त्याला कलकत्त्याला पोचवत होती.

६

ठाण्याचे साहेब आले तेव्हा दिवे लागले होते. त्यांनी वही उघडली. भाऊराव म्हणाले, तक्रार नाही, अंकुश खाली पाण्यात आहे, उद्या काढू. साहेबांनी पुन्हा विचारलं. भाऊरावांनी पुन्हा तेच सांगितलं आणि गुलाबांचं नावही काढलं नाही. मग ते मथुरेपुढे आले आणि त्यांनी हात जोडले. तिने मान हलवली, म्हणजे ठीक आहे असं, आणि नवऱ्याला उठवायला वळली.

बसमध्ये मागची लांब सीट सगळ्यांनी रिकामी करून दिली. तेजरामला तिथे निजवलं, डोकं मथुरेच्या मांडीवर. दुर्गच्या दवाखान्यात आधी न्यायचं ठरलं. त्याचा श्वास अजून घरघरत होता, पण तो जगेल, असं शेषरावांनी नाडी धरून सांगितलं होतं. आता सगळ्यांना काहीतरी द्यायचं होतं. अंजनाबाईने आपली शाल दिली. कोणी उरलेला चहा दिला, कोणी नलूच्या हातात लाडू ठेवला. सायकलवर मागे बसून जाणाऱ्याने तेजरामच्या पायांवर स्वतःचा कोट घातला. दुपारी जिने नलूशेजारून मुलाला उचललं होतं, तिने तोच मुलगा आणून पुन्हा नलूशेजारी बसवला. मथुरेने शाल घेतली, कोट घेतला, चहा नवऱ्याच्या ओठांना लावला. कोणाला नको म्हणाली नाही.

"झालं गेलं गंगेला मिळालं म्हन पोरी," अंजनाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "देवानं राखलं. त्या कारभाऱ्याचं मनावर नको घेऊ. चोर म्हने मेला, त्याच्या जिभीले हाडच नाई."

मथुरेने मान वर केली. तिचा आवाज चढला नाही. बसमधल्या शेवटच्या माणसाला तो तरीही ऐकू गेला.

"कारभाऱ्याचं मले काईच नाई वाटत मावशी. त्यानं आमाले आज पायल्यांदा पायलं. तुमी त रोज पायता. एका नळावर पानी भरतो आपन. तुमच्या घरचा नळ गळला त रात्री-बेरात्री कोनाले बोलावता?" ती एकेकाकडे पाहत गेली. "इतके जन होते चौकात. कोनी एकानं म्हनाव होतं, तेजराम असा नाई. मंग कोनीतरी शोधाले निघालं असतं न."

हिरालाल ओल्या कपड्यांत दारापाशी उभा होता. तो बाहेर अंधारात पाहू लागला. अंजनाबाईचा हात मथुरेच्या पाठीवरच राहिला, पण फिरायचा थांबला. शेषराव पुढच्या सीटवर बसले होते. दुपारपासून त्यांनी ढीगभर प्रश्न विचारले होते, चपला पाहिल्या होत्या, पिशव्या उपड्या केल्या होत्या. हे एक वाक्य त्यांनीही म्हटलं नव्हतं. ते आपल्या पायांकडे पाहत बसले.

शामरावांनी ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितलं.